बाराव्या वर्षी मुळाक्षरे

इंग्रजी आता आपल्याला जमणार नाही, पाया कच्चा राहिला, असे खेड्यातून आलेले विद्यार्थी माझ्याजवळ अनेकदा बोलतात. अशा वेळी मला वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांची आठवण होते.

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील गोपाळ हा मुलगा दत्तक घेतला. त्याचा जन्म ११ मार्च १८६३ चा. म्हणजे वय बारा पूर्ण. अक्षरओळख नव्हती म्हटले तरी चालेल. त्या वयात त्याने मुळाक्षरे गिरवायला घेतली आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचे ओझे उचलले. इलियट हे त्याचे शिक्षक. २८ डिसेंबर १८८१ रोजी याच मुलाने राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

राजवाड्यातले शिक्षक सर्वांना कुठे मिळतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण असे शिक्षक लाभलेले सगळेच संस्थानिक काही शिकले नाहीत!

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. आपण उशिरा शिकलो हे महाराजांनी स्वतःचे कौतुक मानले नाही. कवळाण्यासारख्या गावांतली इतर मुलेही शिकू शकतील, असाच जणू त्याचा अर्थ लावला. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलीही त्यात होत्या. १९०६ मध्ये तीच योजना सर्व संस्थानात आली. प्रौढांचे काय? महाराज अमेरिकेत गेले, तिथली ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला वडोदऱ्यास आणले. मग गावोगाव वाचनालये निघाली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या.

मात्र सर्वांचीच मने अशी बदलली नाहीत. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते वडोदऱ्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले.