ऋषिशेती करणारे विनोबा

शेतीची थोरवी गाणारे पुष्कळ; आधी कुदळ धरून मग बोलणारे विरळा. आचार्य विनोबा भावे त्या विरळांतले. गीताईमुळे वारकरी मंडळी त्यांना ओळखतातच. आज आम्ही त्यांच्या शेतीचे चरित्र सांगणार आहो.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात गागोदे गावी झाला. ब्रह्मजिज्ञासेने १९१६ साली ते काशीस गेले आणि त्याच साली गांधीजींच्या आश्रमात आले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीस राहून त्यांनी निव्वळ सूतकताईच्या मजुरीवर पोट भरते का, हे स्वतःवरच पाहिले. देह झिजला. १९३८ साली धाम नदीच्या काठी पवनारला आले ते असे हाडांचा सापळा होऊन! तिथे औषध काय, तर कुदळ. पहिल्या दिवशी चार-पाच मिनिटे खणायचे, मग हळूहळू वेळ वाढवायचा. काही महिन्यांत देह भरला. त्याच जमिनीत रामभरतभेटीचे शिल्प सापडले.

१९५० साली त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशावाचून, हातांनी पिकवलेल्यावर राहायचे. शेतीचे त्यांनी प्रकार पाडले: बैलाची ती ऋषभशेती, यंत्राची ती इंजिनशेती, नुसत्या हातांची ती ऋषिशेती. आणि बघा, यात व्यवहारही आहे. ज्याची जमीन एक-दोन एकर, त्याने बैलजोडी पोसायची की लेकरे?

पण हाताच्या शेतीला पहिली अडचण पाण्याची. म्हणून विहीर खणली, आणि बैलांच्या जागी माणसे रहाटाला लागली. विनोबाही त्यांत होते. भाजीचा एक वाफा भिजवायला किती खांदे दुखतात, हे त्यांना तिथे कळले.

मार्च १९५१ मध्ये ते पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले, आणि विनोबा तेरा वर्षे देशभर चालले. जमीन लाखो एकर मिळाली. परंतु तीत खडकाळ, पडीक व वादातलीही पुष्कळ होती, आणि कित्येक एकर वाटायचेच राहिले. जमीन मिळाली तरी पाणी, बी आणि अवजारे यांवाचून ती पोट भरीत नाही, हे अनेक कुळांना भोगावे लागले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच प्रायोपवेशनाने त्यांनी देह ठेवला.

स्वावलंबन म्हणजे एकट्याने सगळे करणे, असा अर्थ कित्येक जण घेतात. आम्हांस तो पटत नाही. पवनारचा रहाट एकट्याने फिरला नाही. मीठ, सारा, मुलांची वह्या-पुस्तके, यांना रोकड लागतेच, आणि ती एकट्या तुकड्यातून निघणे कठीण. आपल्या गावांत सावड होती, इर्जिक होती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. वाचकहो, ज्याचे रान लहान त्याने आधी शेजाऱ्याशी सावड करावी, सामायिक विहिरीचा तंटा मिटवावा, आणि मग कुदळ उचलावी.