पुण्यश्लोक अहिल्यादेवी : लोकसेवा हीच शिवपूजा

इंदूर जिल्ह्यातील देपालपूरचे नाव निघताच आम्हां माळव्यातील मराठी भाविकांस पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण होते. त्यांचे पुत्र मालेराव यांचा जन्म १७४५ मध्ये याच गावी झाला, असे चरित्रकार सांगतात.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. पुढे त्या सुभेदार मल्हारराव होळकरांच्या स्नुषा झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले. १७६६ मध्ये तो आधारही गेला आणि पुढच्याच वर्षी मालेराव निवर्तले. देपालपुरी लाभलेले पुत्रसुख असे अवघ्या बावीस वर्षांत सरले.

एवढ्या आघातांनंतर त्या विरक्त होऊन पूजेतच रमल्या असत्या, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी पूजा सोडली नाही, पण प्रजेकडेही पाठ फिरविली नाही. राज्य शिवाचे आणि आपण केवळ त्याच्या सेविका, या भावनेने राजाज्ञांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत. नर्मदातीरी महेश्वर येथून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे कारभार केला.

काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले, हे सर्वश्रुत आहे. गया, सोमनाथ येथेही त्यांनी मंदिरे बांधली. मात्र देवालयाबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रेही उभी राहिली, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. कारण तीर्थास निघालेला वाटसरू तहानलेला राहिला, तर देवदर्शनाचे समाधान कोठून लाभणार? धर्मकार्याचा मोठा भार त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून उचलला. महेश्वरी विणकरांना आश्रय दिला. उन्हाळ्यात शेतातील बैलांना पाणी पाजण्यासाठी माणसे नेमली. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून उभी पिके विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवली. या गोष्टी माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानेही पुढे नोंदवून ठेविल्या आहेत.

१७९१ मध्ये जावई गेले व कन्या मुक्ताबाई सती गेल्या. मातेने परोपरीने विनविले, पण व्यर्थ. हे दुःख उरी घेऊनही सेवाव्रत सुटले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेविला.

आम्ही शिवपिंडीवर जल वाहतो, तेव्हा दारी आलेल्या तहानलेल्यास पाणी देणे हाही त्याच पूजेचा भाग आहे, एवढे स्मरण राहिले तरी देवींचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.

॥ श्रीशिवार्पणमस्तु ॥