खमीर

विद्यार्थी मित्रांनो, खमीर हा शब्द तुम्हांला घरातूनच माहीत आहे. नानचे किंवा पावाचे पीठ फुगावे म्हणून त्यात खमीर घालतात. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ज्याच्या अंगी धमक व चिकाटी असते, त्याच्यात खमीर आहे असे म्हणतात. लुई पाश्चर या शास्त्रज्ञाचे आयुष्य या दोन्ही अर्थांशी जोडलेले आहे.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. त्याचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लहानपणी लुईला चित्रे काढण्याचा नाद होता. पुढे तो रसायनशास्त्रात रमला आणि १८५४ साली लील शहरात विज्ञान विद्याशाखेचा प्रमुख झाला.

१८५६ साली एका विद्यार्थ्याचे वडील त्याच्याकडे आले. त्यांच्या कारखान्यात बिटाच्या रसापासून मद्यार्क तयार होई. पण काही पिंपांतला रस आंबट होऊन वाया जात होता. पाश्चर स्वतः कारखान्यात जाऊ लागला. रसाचे थेंब तो सूक्ष्मदर्शकाखाली पाही. चांगल्या रसात खमिराचे गोल कण दिसत. रस नासू लागला, की निराळे, लांबट कण दिसत. पुढच्याच वर्षी त्याने दाखवून दिले, की आंबटपणा आणणारा सूक्ष्मजीव खमिराहून वेगळा असतो.

परंतु खमीर खरोखर सजीव आहे का? जर्मनीतील नामवंत रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या मते खमीर कुजते आणि त्या कुजण्यामुळे साखरेचे विघटन होते. एवढ्या मोठ्या माणसाला उत्तर द्यायचे, तर पुरावाही तसाच हवा होता.

पाश्चर तेव्हा पॅरिसला आला होता. त्याची प्रयोगशाळा माळ्यावर होती. त्याने एका काचेच्या चंबूत पाणी, शुद्ध साखर, अमोनियाचा क्षार आणि खमिराची राख मिसळली. मग त्यात टाचणीच्या डोक्याएवढे खमीर सोडले. थोड्या दिवसांत बुडबुडे येऊ लागले. साखर कमी झाली आणि खमीर वाढले! कुजणारी, निर्जीव वस्तू कधी वाढते का? १८६० साली त्याने हा प्रयोग जगापुढे मांडला.

मग रस नासवणारे जीव येतात कोठून? पाश्चरने हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेला चंबू घेतला व त्यातील द्रव उकळला. हवा आत जाई, पण धूळ नळीच्या वळणात अडकून राही. तो द्रव महिनोन्‌महिने स्वच्छ राहिला. चंबू कलता करून द्रव त्या धुळीला लागू दिला, की तो नासे. सूक्ष्मजीव धुळीबरोबर येतात, हे सिद्ध झाले.

१८६८ साली पाश्चरला पक्षाघात झाला. डावा हात व पाय अधू झाले. तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. तरीही १८७१ मध्ये त्याने बिअर का बिघडते याचा अभ्यास हाती घेतला. द्रव उकळावा, भांडे स्वच्छ असावे आणि त्यात फक्त शुद्ध खमीर सोडावे, हे त्याच्या १८७६ च्या ग्रंथाचे सार होते. १८८३ साली कोपनहेगनमध्ये हॅन्सन या शास्त्रज्ञाने एकाच पेशीपासून शुद्ध खमीर वाढवले. आजही पावाचे खमीर तयार करताना आधी लहान चंबूत व मग क्रमाने मोठ्या भांड्यांत वाढवतात.

सूक्ष्मजीव रस नासवतात, तर माणसाला आजारीही पाडत असतील, असे पाश्चरला वाटे. त्याच्या तीन मुली लहान वयातच वारल्या होत्या. त्यांपैकी दोघी विषमज्वराने गेल्या. हे दुःख त्याने कामाच्या आड येऊ दिले नाही. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याने लस टोचली व तो मुलगा वाचला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चरचे निधन झाले.

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत चंबू धुण्याची पाळी तुमच्यावर आली, तर कंटाळू नका. स्वच्छ चंबू आणि टाचणीच्या डोक्याएवढे खमीर, एवढ्यावरच पाश्चरने एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळवले.