शुगर अचानक ‘लो’ झाली तर काय करावे? बाबासाहेबांच्या आजारपणातून काय शिकता येते?

भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाचे रुग्ण होते आणि इन्सुलिन घेत होते, हे अनेकांना माहीत नसते.

मसुदा आणि मधुमेह

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांकडे ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद आले. याच कामाच्या काळात आजार बळावला. पाय दुखत, झोप लागत नसे. मुंबईतील उपचारांदरम्यान डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. शारदा पुढे सविता, म्हणजेच माईसाहेब, म्हणून ओळखल्या गेल्या. इन्सुलिन घेणाऱ्या बाबासाहेबांच्या घरातच आता डॉक्टर होत्या.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी मसुदा संविधान सभेत मांडला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

शुगर ‘लो’ का होते?

त्या काळी घरी रक्तातील साखर मोजायचे यंत्र नव्हते. आज ते मेडिकलमध्ये मिळते, पण धोका कायम आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेतल्या आणि जेवण चुकले किंवा अंगमेहनत जास्त झाली, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. भिवंडीच्या नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या भागात लांबलेली पाळी आणि पुढे ढकललेला डबा नेहमीचाच. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, अडखळते बोलणे ही लक्षणे आहेत. मागांच्या उकाड्यात घामाकडे दुर्लक्ष होते आणि बरळणाऱ्याला दारू प्यायलेला समजले जाते.

मदत कशी कराल?

रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर पाण्यात ३-४ चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर घालून लगेच प्यायला द्या. अर्धा कप फळांचा रस किंवा साधे कोल्ड्रिंकही चालते, ‘डाएट’ नको. १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. यंत्र नसेल तर लक्षणे पाहा. फरक नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा बिस्किटे खायला द्या. रुग्णाला एकटे सोडू नका.

बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ वर फोन करा. अशा वेळी इन्सुलिन अजिबात देऊ नका.

माईसाहेबांसारखी डॉक्टर प्रत्येक घरात नसते. पण रुग्णाच्या खिशात साखरेची पुडी आणि शेजारच्या मागावरील सहकाऱ्याला एवढी माहिती, हे नक्कीच शक्य आहे.