समुद्रकिनारीचा प्रश्नकर्ता : विष्णुबावा ब्रह्मचारी



विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म 1825 साली, आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली गावी झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले; शालेय शिक्षण बेताचेच. पुढे जकात खात्यात नोकरी लागली. तरुण वयात ती सोडून त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर चिंतन केले आणि ते विष्णुबावा ब्रह्मचारी झाले.

1857 च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. पाप एकाने करावे, ते साऱ्या मानवजातीला लागावे आणि प्रायश्चित्त तिसऱ्याने भोगावे, यात ईश्वराचा न्याय कोठे, हा त्यांचा रोख होता. प्रतिपक्षाचे जॉर्ज बोवेन यांनी या चर्चेचा वृत्तान्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला. 1859 साली बावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ निघाला. 1871 साली ते वारले.

त्यांची श्रद्धा वेदांवर; त्यांचा मार्ग आपला नव्हे. तरीही हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांची तौबा अल्लाहने कबूल केली आणि प्रत्येक मूल निष्पाप जन्मते, ही इस्लामची शिकवण. ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा निराळी आहे. तिचा अनादर नसावा. मात्र विचारणे म्हणजे अवमान नव्हे.

म्हणून पालकहो, मूल अवघड प्रश्न घेऊन आले तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यासोबत शोधा. आणि विद्यार्थी मित्रहो, ज्याच्याशी वाद घालायचा, त्याचा ग्रंथ आधी वाचा.