पंडिता रमाबाई आणि क्षमेची वाट

उत्तन, डोंगरी व भाईंदर या भागांतील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना पापांची कबुली हे शब्द बाळपणापासून ठाऊक आहेत. परंतु शब्द ठाऊक असणें निराळें आणि त्यांचा अर्थ अंगीं बाणणें निराळें. कबुली दुष्ट माणसांनीं द्यावयाची, सुशील व विद्वान माणसांस तिची गरज नाहीं, असा समज आपल्या मनांत नकळत घर करून बसतो. हा समज किती चुकीचा आहे, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसून येतें. म्हणून यंदाच्या अंकांत तें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना शास्त्र शिकवूं नये असें लोकमत असतांही त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि आईनें तीच विद्या भल्या पहांटे आपल्या लेकीस दिली. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरे. पुढें दुष्काळ आला, आणि थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंही अन्नावांचून गेलीं. मागें उरलेलीं भावंडें, श्रीनिवास व रमा, अर्धपोटीं हजारों मैल पायीं हिंडलीं. व्रतें, उपवास, दानें, तीर्थस्नानें, जें जें सांगितलें होतें तें तें या कुटुंबानें निष्ठेनें आचरिलें होतें. तरीही रमाबाईंच्या मनास शांति लाभली नाहीं.

१८७८ सालीं ही भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. परंतु १८८२ सालीं तेही पटकीनें वारले. कडेवर तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आणि त्याच सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. पुढील वर्षीं शिक्षणासाठीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत जाऊन राहिल्या.

या भगिनींचें एक सेवागृह लंडनजवळ फुलहॅम येथें होतें. ज्या स्त्रियांना समाजानें पतित म्हणून टाकून दिलें होतें, त्यांची तेथें शुश्रूषा होई. असल्या बायांशीं कोणी ममतेनें वागतो, हें रमाबाईंनीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. अशा पापी स्त्रियांची काळजी कां घेतां, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. प्रभूनें त्या स्त्रीचें पाप झांकलें नाहीं आणि तिला झिडकारिलेंही नाहीं, ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणास जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

येथेंच चरित्र संपलें असें वाचकांस वाटेल. परंतु खरी गोष्ट येथून पुढें आहे. रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें, आणि दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. कीर्ति झाली, निंदाही झाली. तरी मनांतील जुनी उणीव राहिलीच. त्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. धर्मोपदेशक होऊन वर्षें लोटल्यावर त्याला स्वतःलाच उद्धाराची गरज आहे असें कळून आलें होतें. बाप्तिस्म्यास आठ वर्षें झाल्यावर रमाबाईंनीं आपल्या मनाशीं तेंच कबूल केलें. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाहीं, हें त्यांना उमगलें. फुलहॅमच्या त्या स्त्रियांना जी क्षमा हवी होती, तीच या विदुषीलाही हवी होती. पुण्यसंचयाचा हिशेब त्यांनीं मिटवून टाकिला आणि क्षमा ही दान म्हणून, विश्वासानें, पदरीं घेतली.

ज्यास क्षमा मिळाली त्याचें दार उघडें राहतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली आणून पुण्यापलीकडे केडगांव येथें त्यांना आश्रय दिला; १९०० पर्यंत तेथील मुक्ति सदनांत सुमारें १५०० माणसें झालीं. त्याच आवारांत कृपा सदन उभें राहिलें, तें जगानें ज्यांना क्षमा केली नाहीं अशा स्त्रियांसाठीं. १९०५ सालीं तेथें मोठी आध्यात्मिक जागृति झाली. शेंकडों मुली आपापलीं पापें आपण होऊन सांगूं लागल्या; अश्रु ढाळीत एकमेकींची क्षमा मागूं लागल्या.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२१ सालीं मनोरमा गेली. तें दुःख सोशीत त्यांनीं हें काम तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं देह ठेविला.

हें चरित्र वाचतांना आम्हांस आमची एक चूक आठवते. फार वर्षांमागें एका मुलानें आपण होऊन आमच्यापाशीं येऊन सांगितलें कीं, परीक्षेंत त्यानें शेजाऱ्याचें पाहून लिहिलें. आम्हीं त्याला सर्व वर्गासमोर उभें करून लाज आणिली. तो मुलगा पुढें तीन वर्षें आमच्या शाळेंत होता. परंतु मनांतील कोणतीही गोष्ट त्यानें पुन्हां आम्हांस सांगितली नाहीं. चूक त्याचीही होती. पण त्यानें ती कबूल केली, आणि आम्हीं आमची कबूल करण्यास इतकीं वर्षें घेतलीं.

विद्यार्थ्यांनो, चूक झाली तर ती लपवूं नका. देवापाशीं आणि ज्याचा अपराध केला त्याच्यापाशीं ती सांगा. आणि पालकहो, तुमचें मूल खालीं मान घालून दाराशीं येईल, तेव्हां त्याला आधीं घरांत घ्या. बोलावयाचें तें मागून बोला.