तळं उन्हाळ्यातच हिरवं का होतं? अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक यांची गोष्ट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, एप्रिल-मे महिन्यात आपल्या पोलादपूर-महाड भागात सावित्री आटते. साचलेल्या डोहातलं, गावतळ्यातलं पाणी हिरवं दिसू लागतं. असं का होतं, हे मुलांना शिकवताना ल्युवेनहॉकची गोष्ट जरूर सांगा.

अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक यांचा जन्म 1632 साली हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी अँटोनी कापडाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. पुढे त्याने स्वतःचं दुकान काढलं. कॉलेज नाही, लॅटिन येत नाही. पण भिंगं घासण्याचा भारी नाद! त्याने अशी छोटी सूक्ष्मदर्शकं शेकड्यांनी बनवली.

डेल्फ्टजवळ बर्केल्से मेर नावाचं तळं होतं. हिवाळ्यात त्याचं पाणी स्वच्छ असे आणि उन्हाळ्यात त्यावर हिरवे ढग तरंगत. आसपासचे लोक म्हणत, हे दवामुळे होतं. ल्युवेनहॉकने 1674 साली ते पाणी भरून घरी आणलं आणि भिंगाखाली धरलं. त्यात हिरवे, नागमोडी तंतू होते आणि इवलेसे जीव वळवळत होते. हे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पुढच्या पत्रांवर तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. 1677 साली रॉबर्ट हूकने स्वतः पाहून खात्री केली. 1680 साली सोसायटीने या दुकानदाराला सभासद करून घेतलं. 1723 साली, नव्वदीत, त्याचं निधन झालं.

तळं हिरवं होण्याचं कारण मात्र पुढच्या पिढ्यांनी शोधलं. अशा पाण्यात बऱ्याचदा नील-हरित शैवाल असतं. नाव शैवाल, पण ते खरं तर जीवाणू. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि साधारण 25 अंश सेल्सिअसच्या वर भराभर वाढतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पेशीत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते तरंगत उजेडाकडे येतात. त्यात शेतातलं खत, सांडपाणी मिसळलं की मग विचारूच नका!

हॉलंडमध्ये थंडी आणि लहान दिवस ही वाढ रोखतात. आपल्याकडे थंडी तेवढी नसते. इथे रोखतो तो पाऊस. गढूळ पाण्यात ऊन खोल जात नाही आणि पुराचं पाणी सगळं वाहून नेतं. उन्हाळ्यात पाणी संथ, कोमट आणि नितळ होतं, की वाढीला रान मोकळं.

पालकांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या काही जाती विष तयार करतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही. पाण्यावर हिरवा तवंग दिसला, तर मुलांना त्यात पोहू देऊ नका, गुरांनाही ते पाजू नका.

शिक्षकांनी वर्षभर दर महिन्याला काठावरूनच पाण्याचा रंग, तापमान आणि ऊन यांची नोंद मुलांकडून वहीत करून घ्यावी. बारा नोंदी झाल्या की कारण मुलंच तुम्हाला सांगतील.